सोलापूरच्या उन्हात राहता येईल अशी छोटी ऑफ-ग्रिड केबिन स्वतः कशी बांधायची

सोलापूरकडं ऑफ-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजजोडणीशिवाय चालणारी केबिन बांधायची तर पहिला हिशोब मे महिन्याचा करा, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. व्हिडिओ बघून बरेच जण लाकडाची तिकोनी केबिन नाहीतर पत्र्याचा कंटेनर डोक्यात घेऊन बसतात, पण ती डिझाईनं थंडीच्या मुलखातली, तिथं ऊन आत घ्यायचं असतं आणि आपल्याला ते बाहेर ठेवायचंय. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला सहज जातो आणि पत्र्याची खोली दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, मग कूलर लागतो, कूलरला मोठं सोलर लागतं, मोठ्या सोलरला मोठी बॅटरी, आणि बजेट तिथंच संपतं. म्हणून उलट्या बाजूनं चला, आधी खोली गार राहील अशी बांधा म्हणजे दोन पंख्यांवर भागतं आणि सोलरचा खर्च आपोआप खाली येतो.

खाली जे सांगतोय ते आतून १० बाय १६ फुटाच्या एका खोलीसाठी आहे, पुढं ओटा, पश्चिमेला बाथरूम-संडास. एका माणसाला हाताखाली एखादा गडी घेऊन जमेल एवढंच काम. दिवाळीनंतर सुरू करा, मार्चअखेर छत पडलं पाहिजे. थंडीत काँक्रीट नीट पिकतं, विहिरीला पाणी असतं. मजूर मात्र तेव्हा ऊसतोडीला गेलेले असतात आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कुणी कामावर येत नाही, ते धरूनच चाला.

जागा आणि कागद

शेतजमीन घेऊन बांधायचं असेल तर आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं, हा १९४८ च्या कूळकायद्यातला नियम आहे, आणि छोटे तुकडे पाडून विकायला तुकडेबंदी कायदा आडवा येतो. गुंठ्यावर जमीन दाखवणाऱ्याला बयाणा द्यायच्या आधी सातबारा, फेरफार आणि रस्त्याचा हक्क तलाठ्याकडं जाऊन स्वतः बघा. स्वतःच्या रानात बांधत असाल तरी फार्महाऊसच्या परवानगीचं ग्रामपंचायतीत आणि तहसीलला विचारून घ्या. नान्नजच्या बाजूला जमीन असेल तर माळढोक अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय पहार मारू नका.

आता जागा. रानात सगळ्यात हलकी, माळाची, मुरूम वर आलेली जागा असते ना, जिथं ज्वारी नीट येत नाही, तीच केबिनला सगळ्यात भारी. काळी माती पिकाला सोनं आहे पण बांधकामाचं वाटोळं करते, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला की दोन पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते आणि मग कितीही पुट्टी भरा, दरवर्षी उघडते. त्यामुळं चार ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतोय ते बघा. तीन-चार फुटात लागला तर काम सरळ आहे. सहा-सात फूट गेलं तरी काळीच असेल तर एक तर जागा बदला किंवा अंडर-रीम पाईल करा, म्हणजे खाली कांद्यासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब. रूरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेनं फुगणाऱ्या मातीसाठीच ही पद्धत आणली. पण ते इंजिनिअर आणि ऑगर (जमिनीत खोल भोक पाडायचं यंत्र) लावून करायचं काम आहे, एकट्यानं नाही.

पाणी कुठून कुठं वाहतं तेही पावसाळ्यात एकदा येऊन बघा. कोरड्या दिसणाऱ्या ओघळीला सप्टेंबरच्या परतीच्या पावसात गुडघाभर पाणी येतं.

आखणी

खोलीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त छोट्या भिंतींवर पडतं. दक्षिणेचं ऊन दुपारी डोक्यावर असतं, ते दोन-अडीच फुटाच्या पुढं आलेल्या छतानं अडतं. पश्चिमेचं कशानंच अडत नाही म्हणून तिकडं बाथरूम घाला आणि एकही खिडकी देऊ नका. खिडक्या उत्तर-दक्षिण समोरासमोर, आणि छताच्या उंच बाजूला दोन झरोके जाळी लावून, गरम हवा तिथनं निघून जाते.

कोन काटकोनात आणायला मशीन लागत नाही. एका खुंटीपासून दोरीवर ३ फुटावर खूण करा, दुसऱ्या दोरीवर ४ फुटावर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरी दोरी सरकवा, आला काटकोन. मोठ्या खोलीला ६-८-१० घ्या, जास्त अचूक येतं. मग दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत, अर्ध्या इंचापर्यंत फरक चालेल, त्याच्यावर गेला तर खुंट्या परत ठोका, कारण इथला फरक पुढं फरशी बसवताना आणि पत्रा टाकताना तिप्पट त्रास देतो. लेव्हल बघायला पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही टोकांचं पाणी थांबलं की खूण करा. अशी एक लेव्हल ट्यूब आणि एक ओळंबा, एवढ्यावर अख्खी खोली सरळ उभी राहते.

पाया आणि जोतं

दोन फूट रुंद चर, मुरूम लागून वर आणखी अर्धा फूट आत. तळाला ४ इंच कोबा १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी), त्यावर काळ्या दगडाचं बांधकाम १:६ (सिमेंट, वाळू) मसाल्यात. दगड बांधताना मध्ये पोकळी ठेवून वरून चिपा टाकायची सवय असते लोकांना, तसं करू नका, आणि दर काही फुटावर पूर्ण जाडीचा आडवा दगड घाला, नाहीतर दगडी भिंतीचे दोन पापुद्रे वेगळे होतात. चराच्या बाजूला खोदलेली काळी माती परत ढकलू नका, मुरूम भरा आणि पाणी मारून धुमसा. जोतं जमिनीपासून दोन फूट वर पाहिजेच, पाण्यासाठी आणि त्याहून जास्त घोणस-विंचवासाठी.

जोत्यावर चार सळ्यांचा बँड, म्हणजे काँक्रीटचा सलग पट्टा घ्या, १० मिमी सळई, ६ इंचावर रिंगा, सगळीकडनं सलग, कोपऱ्यात सळई वळवून पुढं दोन फूट न्यायची. असाच बँड खिडक्या-दारावर लिंटलला आणि छताखाली. एका खोलीला एवढं कशाला असं गवंडी म्हणणारच. त्याला किल्लारी आठवून द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तो आपल्या शेजारच्याच लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) पट्ट्यात, आणि जास्त माणसं गेली ती मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचं माळवद असलेल्या घरांत. माळवदाचं घर दुपारी गार असतं हे शंभर टक्के खरं, मलाही ते मनापासून आवडतं, पण एवढं वजन डोक्यावर घ्यायला खाली तसा सांगाडा लागतो आणि नवख्यानं ते करू नये. भिंत बांधलेली, छत हलकं, असं ठेवा.

पायाचं आणि बँडचं ड्रॉइंग जवळच्या सिव्हिल इंजिनिअरला एकदा दाखवून घ्या, फी फार जात नाही आणि झोप नीट लागते.

भिंती

एकट्यानं करणाऱ्याला माझा सल्ला ८ इंची एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक. दोन फूट लांब, आठ इंच उंच, वजन पंधरा-सोळा किलो, हातकरवतीनं कापता येतो आणि उष्णता आत यायला वेळ लागतो. या खोलीला साधारण साडेतीनशे ब्लॉक लागतात. चारी कोपऱ्यांत ८ इंची छोटे कॉलम घ्या आणि आधी भिंत मग कॉलम भरा, म्हणजे दोन्हींची पकड बसते. ब्लॉक जोडायला तयार जॉइंटिंग मॉर्टर मिळतं, सांधा ३ मिमीचा, आणि पहिला थर लेव्हलला जीव ओतून बसवा कारण पातळ सांध्यात वरचे थर चूक झाकून घेत नाहीत. ब्लॉक पाण्यात बुडवायचा नाही, नुसतं वरून ओलं करायचं. विटेचं बरोबर उलटं आहे, वीट भिजवूनच लावायची, नाहीतर मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते.

ज्यांना वीटच पाहिजे त्यांनी फ्लाय ॲशच्या बघाव्यात, फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक केंद्र असल्यानं राख इथं जवळच आहे. दगडाच्या भिंतीचा मोह होतो, दिसते पण सुंदर, पण उघड्या दगडानं दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री आत सोडलं की बाहेर बाज टाकूनच झोपावं लागतं.

काँक्रीट आणि प्लास्टर सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी करा. आपल्या हवेत दुपारचं प्लास्टर तासाभरात पांढरं पडतं आणि मग नखानं खरवडलं तरी निघतं. एका पोत्याला २५-२७ लिटर पाणी, मसाला ढिला वाटला तरी नळी सोडून वाढवायचं नाही. बँड-कॉलमवर ओलं गोणपाट गुंडाळून किमान १० दिवस ओलंच ठेवा. पाणी टँकरचं असेल तर क्युरिंगचं पाणी आधी बजेटमध्ये धरा, लोक तिथंच हात आखडता घेतात. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर प्लास्टरआधी कोंबडी जाळी मारा. प्लास्टर न केलेलं उघडं एएसी पावसात भिजत ठेवायचं नाही, बाहेरून प्लास्टर जूनआधी झालंच पाहिजे.

चौकटी लोखंडी घ्या, वाळवी लई बेकार आहे माळावर. जुने वाडे पाडतात तिथं सागवानी दारं मिळतात, मिळालं तर दार तेवढं जुनं घ्या.

छत, इथं पैसे घाला

कुठं तरी काटकसर करायचीच असेल तर रंगात करा, टाइल्समध्ये करा, छतात नको. ५० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्रे आणि मध्ये फोम), वरून पांढऱ्या रंगाचं, हे आपल्या उन्हाला सगळ्यात सोपं उत्तर आहे, हलकं असतं, दोन माणसं दिवसात टाकतात, आणि खालून हात लावला तर मे महिन्यातही तापलेलं लागत नाही. एवढं परवडत नसेल तर पांढरा पत्रा आणि त्याच्या खाली ९ इंच पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्याचं नाहीतर सिमेंट बोर्डाचं सिलिंग, पोकळीला दोन्ही टोकांना जाळी लावून हवा खेळती ठेवायची. पत्र्याखाली कडबा किंवा पाचट कोंबू नका, उंदीर होतात, त्यामागून साप येतो, आणि ठिणगीला तर निमित्तच पाहिजे.

छत एकपाखी करा, उतार किमान १० अंश, उंच बाजू उत्तरेला. बाहेर सगळीकडनं झेप धरून छत साधारण १४ बाय २० फूट होतं. आता वळवाचं ऐका. आपल्याकडं मे महिन्यात संध्याकाळी जो वारा सुटतो त्यात पत्रा उडतो तो वरून दाबानं नाही, खालून उचलला जाऊन. त्यामुळं छताच्या बँडमध्ये काँक्रीट ओलं असतानाच १२ मिमीचे जे-बोल्ट सोडा, वर ६ बाय ६ इंची बेसप्लेट, तिला चौकोनी पाइप वेल्ड. पाइपची साइझ फॅब्रिकेटरला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, सांगून पक्की करा. कडेच्या रांगेत स्क्रू मधल्यापेक्षा दुप्पट दाट, रबरी वॉशर असलेलेच, आणि वॉशर दबून फुगला की थांबायचं, जास्त आवळला तर दोन उन्हाळ्यात फाटतो. पत्र्यावर दगड आणि टायर ठेवायची पद्धत सोडा, उडालेला पत्रा जेवढा धोक्याचा तेवढाच उडालेला दगड.

पाणी

सोलापूरला वर्षाचा पाऊस साधारण ५५०-६०० मिमी. आपलं छत २६ चौरस मीटर, ५५० मिमी धरलं तर १४,००० लिटरच्या वर पाणी पडतं, गळती-वाफ सोडून ११,००० लिटर हातात येतं असं समजा. दुष्काळी मुलखात हा आकडा बघून पहिल्यांदा मलापण विश्वास बसला नव्हता. एका माणसाला प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर धरले तर नोव्हेंबर ते मे हे सात महिने ४,२०० लिटर लागतात, म्हणजे ५,००० लिटरची साठवण असली तर प्यायच्या पाण्याला टँकर नको. आंघोळ, धुणं, झाडं ह्याला विहीर-बोअर. बोअरचं पाणी जड असतं बऱ्याच ठिकाणी, प्यायला पावसाचंच बरं.

पन्हाळीतून येणारं पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नाही, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. ४ इंची पाइपचा उभा तुकडा आधी भरेल असा जोडा, खाली झाकण, तो भरला की मगच पाणी टाकीकडं वळतं. सहा फूट पाइपमध्ये साधारण १५ लिटर मावतं, आपल्याला दर मोठ्या खंडानंतर ५० लिटर तरी सोडायचेत, म्हणून असे तीन-चार तुकडे नाहीतर एक ड्रम. टाक्या काळ्या, झाकणबंद, सावलीत. प्यायचं पाणी उकळून घ्या.

वापरायची छोटी टाकी उंचावर पाहिजे, पण ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, पफ पॅनेलवर ठेवायचा विचारही नको, वेगळा स्टँड करा.

संडासला दोन शोषखड्डे, मध्ये वाय आकाराचं चेंबर. एक भरला की बोळा बदलून दुसरा सुरू, पहिला दोन वर्षं बंद ठेवला की आतलं कोरडं, वास नसलेलं खत होतं. खड्डा एक मीटर व्यासाचा, भिंत जाळीदार, आणि दोघांत किमान एक मीटर अंतर. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तिथं खड्डा मोठा घेऊन भोवती फूटभर वाळू भरा. विहीर-बोअरपासून ५० फूट लांब. बाथरूमचं पाणी ह्यात सोडू नका, केळीला द्या.

सोलर

आता हिशोब करा, आधी नाही. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅट खातो, साधा ७५. दोन बीएलडीसी १२ तास म्हणजे ७२०, तीन एलईडी पाच तास १३५, मोबाईल-लॅपटॉप १८०, सगळं मिळून दिवसाला एक युनिटच्या आसपास. आपल्याकडं ऊन भरपूर, पाच तास पूर्ण ताकदीचं धरा, ३० टक्के नुकसान काढा, तर ३०० वॅटचं पॅनेल पुरतं. जुलै-ऑगस्टच्या ढगांसाठी ४०० वॅट घ्या. बॅटरी १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास) लिथियम फॉस्फेट, त्यात १२८० वॅट-तास असतात, काटकसरीनं दोन रात्री निघतात. ट्युब्युलर स्वस्त पडते पण ती निम्म्यापर्यंतच वापरायची असते, त्यामुळं १५० ची घेतली तरी हातात ९०० वॅट-तासच येतात, शिवाय डिस्टिल्ड वॉटर आणि हवेशीर जागा बघावी लागते.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा (पॅनेलमधनं जास्तीत जास्त वीज काढणारा), ४० अँपिअर. जोडताना आधी बॅटरी मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज, हा सोडून बाकी काहीही उशिरा लावलं तरी चालेल, हा पहिल्या दिवशी पाहिजे. पंखे-लाइट थेट १२ व्होल्टचे घेतले तर इन्व्हर्टर फक्त लॅपटॉपला लागतो, पण वायर जाड पाहिजे. १० मीटर लांब दीड चौरस मिमी वायरमधून ५ अँपिअर गेले तर सव्वा व्होल्टच्या आसपास वायरच खाते, पंखा रडतो, आणि लोक पॅनेलला दोष देतात. ४ चौरस मिमी टाका.

पॅनेल दक्षिणेला तोंड करून १८ अंशात, जमिनीवरच्या स्टँडवर, खालून वारा लागेल असं. तापलं की वीज कमी देतं. धूळ सकाळी लवकर धुवा, दुपारी तापल्या काचेवर गार पाणी नको. बॅटरी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, म्हणजे उत्तरेच्या भिंतीला, ऊन तिचंही आयुष्य खातं. अर्थिंग आणि वीजरोधक नक्की करा, वळवात उघड्या माळावर आपली खोलीच सगळ्यात उंच असते.

शेवटचा हात

फरशी शहाबादी. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातनं येते, आपल्याकडं स्वस्त पडते आणि अनवाणी पायाला मे महिन्यात तिच्यासारखं सुख नाही. खाली मुरूम थरानं धुमसून घ्या, घाईत भरलेला मुरूम वर्षभरात बसतो आणि फरशी मध्ये खोलगट होते. घराभोवती तीन फूट रुंद फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा, पायाशी पाणी मुरत नाही आणि साप-विंचू लपायला गवत उगवत नाही. पश्चिमेच्या भिंतीपासून दोन फुटावर तुराट्यांचा कूड उभा करा, त्यावर वेल सोडा. कडुलिंब लावायचाच आहे, पण खाली काळी माती असेल तर पूर्ण वाढल्यावर जेवढा उंच होईल तेवढा लांब, कारण त्याची मुळं उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढतात.

उन्हाळ्यात खिडक्या सूर्य मावळल्यावर उघडायच्या आणि सकाळी नऊच्या आत बंद करायच्या, रात्रीचा गारवा दुपारपर्यंत पुरतो.

वळीव सुरू व्हायच्या आधी एकदा छतावर बादल्यांनी पाणी ओतून सगळे सांधे बघा, स्क्रू हातानं तपासा, दाराखालची फट बोट जाईल एवढी असेल तर पट्टी मारा. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला केसासारखी चीर दिसली तर घाबरून लगेच पुट्टी भरू नका, चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. दसऱ्यापर्यंत रेघेच्या पुढं गेली नाही तर भरून टाका, गेली तर इंजिनिअरला बोलावून पाया दाखवा.